मागून आणलेली झबली

अरुंधती खांबेटे लिफ्टमध्ये शिरली की आरशाकडे पाठ करून उभी राहते. चहा गाळून झाला की गाळणं ओट्यावर दोनदा आपटते. तिसऱ्यांदा नाही. टपालपेटी उघडताना डोळे मिटते आणि आत हात घालून आधी पाकिटाची जाडी चाचपते. रविवारी चपला हातात घेऊन जिना उतरते, कारण तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राऊ क्रूगर दुपारच्या झोपतात. फोनवर कुणाशीही बोलली तरी शेवटी "जेवलात ना?" विचारते. गाडीच्या इन्शुरन्सवाल्यालाही विचारते, जर्मनमधून. आणि कुठेही थांबावं लागलं, सिग्नलला, दाताच्या डॉक्टरकडे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, की तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. करंगळीपासून सुरुवात. ओठ हलतात. आवाज येत नाही.

ही शेवटची सवय ईप्सिताला सगळ्यात आधी दिसली. कळली मात्र फार उशिरा. कळली, असं तिला अजून ठामपणे म्हणवत नाही.

ईप्सिता लग्न होऊन वोल्फ्सबुर्गला आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पुण्याहून मराठी साहित्यात एम.ए. करून आली होती. त्या एम.ए.चं इथे काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा समर्थ सकाळी सातला कारखान्यात जायचा. ती आठवड्यातून चार दिवस जर्मनच्या वर्गाला जायची आणि उरलेले तीन दिवस खिडकीत बसायची. खिडकीतून पार्किंग दिसायचं. गाड्या जायच्या, गाड्या यायच्या. माणूस चालताना दिसला तर ती उठून बघायची.

दोन मजले वर अरुंधती आणि उल्हास राहत. उल्हास कारखान्यात गाड्यांच्या सीटवर काम करायचा. अरुंधती दुसऱ्या एका कंपनीत ब्रेकच्या आवाजाची चाचणी घ्यायची. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं आणि ब्रेक कुठे किंचाळतो ते सांगायचं. कामाबद्दल ती एवढंच सांगायची.

"ताई, तुम्ही कसला जप करता?" ईप्सिताने एकदा धीर करून विचारलं. दोघी कणीक भिजायची वाट बघत होत्या.

"जप कसला. माणसं मोजते."

"कुठली माणसं?"

"माझी." अरुंधतीने हात पुढे केला. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला. "आई. म्हणजे सासूबाई. माझ्या तिसऱ्या ऑपरेशनच्या वेळी बत्तीस दिवस उशाशी होत्या. 'पुढच्या वेळी होईल' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. हे राजाभाऊ, सासरे. नातवंडं किती म्हणून कुणी विचारलं की 'येतंय' म्हणतात. गेली अकरा वर्षं म्हणतात. ही सुरेखाआत्या. तिनं मला सायकल शिकवली. ही ऊर्मिला, माझी बहीण. आमचं पटत नाही. पण आहे."

एका हाताची बारा पेरं. तिच्या तीन फेऱ्या व्हायच्या. छत्तीस.

"ईप्सिता, मी कितवा ते विचार तिला," उल्हास बाहेरून म्हणाला.

"चौदावा," अरुंधती म्हणाली. "दुसऱ्या फेरीत घेतलंय. खूश राहा."

"आणि छत्तिसावं कोण?" ईप्सिताने विचारलं.

"तू."

"मी कुठे तुमच्या घरातली?"

"पेर उरलं होतं गं."

ईप्सिताला हसावं की काय करावं ते कळलं नाही. ती कणकेकडे गेली.

अरुंधती आणि उल्हास मूल दत्तक घेणार होते, भारतातून. हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, कारण कागदांवर सह्या करायला त्यांनी निम्म्या बिल्डिंगला बोलावलं होतं. डॉक्टरचे दाखले झाले होते, पोलिसांचे झाले होते. युगेंडाम्ट, म्हणजे मुलांच्या भल्याबुऱ्याचं बघणारं इथलं सरकारी ऑफिस, त्यांचा अहवाल झाला होता. मग भारतात नोंद झाली. मग वाट बघणं सुरू झालं. ईप्सिता आली तेव्हा त्या वाट बघण्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

तिच्या पहिल्याच हिवाळ्यात अरुंधती एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या केलरमध्ये जागा आहे ना?"

इथे प्रत्येक घरामागे तळघरात एक खण मिळतो. लाकडी पट्ट्यांचं दार, त्याला कुलूप. ईप्सिताच्या खणात गाडीचे चार टायर होते आणि समर्थची मोडकी सायकल. जागा होती.

"तुमच्या खणात काय झालं?"

"तिथे नको. तो आमच्या घराचाच झाला."

खोक्यात झबली होती. लहान बाळांची, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. काही टोपडी, दुपटी, एक कुंची. अरुंधतीने ती टायरवर पसरली आणि सांगितलं. त्यांच्याकडे रीत आहे. फार वाट बघून येणारं मूल असलं, की ते येईपर्यंत त्याचं काहीही घरात आणायचं नाही. आणि नवीन तर मुळीच घ्यायचं नाही. पाच घरांतून मागून आणायचं. ज्या घरचं मूल वाढलं, तगलं, त्या घरचं झबलं.

"ही पाचपेक्षा जास्त आहेत."

"मी सगळ्यांकडे मागितलं."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"नाही."

"मग?"

"मग काय. तुझं अक्षर चांगलं आहे. चिठ्ठ्या लिहून दे."

एम.ए.चा हा उपयोग झाला. प्रत्येक झबल्याला सेफ्टीपिनने एक चिठ्ठी. कुणी घातलं होतं, कुठल्या गावचं, आणि ते मूल आता काय करतं. अरुंधती सांगायची, ईप्सिता लिहायची. 'कपिल, नाशिक. लहानपणी दमा होता. आता डोंगर चढतो.' 'सुकन्या, दापोली. तीन शाळा बदलल्या. आता शिकवते.' 'उल्हास, सातारा. आता वजन कमी करतो म्हणतो.' भारतातून कुणी आलं की दोन-तीन झबली यायची. खोकं भरत गेलं. अरुंधतीचं स्वतःचं झबलंही आलं. पिवळट, गळ्याशी लाल टाका. तिच्या आईने जपून ठेवलेलं, बहिणीने पाठवलेलं.

ईप्सिताने लिहिलं, 'अरुंधती, सांगली.' आणि थांबली. "आता काय लिहू?"

"ते नंतर बघू," अरुंधती म्हणाली.

त्यानंतर वर्षभराने अहवालाची मुदत संपली. नवा अहवाल करायला युगेंडाम्टमधून नव्या बाई आल्या, फ्राऊ लिंडनर. त्यांनी घर पाहिलं. मुलाची खोली पाहिली. खोलीत इस्त्रीचं टेबल होतं आणि खिडकी होती.

"मूल कुठे झोपणार?" त्यांनी विचारलं.

"इथेच," उल्हास म्हणाला आणि त्याने फरशीकडे हात केला. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं, कपाळावर हात मारून.

"आलं की आणू," अरुंधती म्हणाली. "दुकान पंधरा मिनिटांवर आहे."

फ्राऊ लिंडनर बराच वेळ लिहीत होत्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भाषा सभ्य होती. इतक्या काळात मुलासाठी कसलीच तयारी दिसत नाही, तेव्हा या जोडप्याची मनाची तयारी आहे का, याची खात्री करावी लागेल. त्यांना ओळखणाऱ्या व्यक्तीशी बोलावं लागेल. ओळखणारी व्यक्ती म्हणून कागदावर ईप्सिताचं नाव होतं.

"खोकं वर घेऊन जा ना," ईप्सिता म्हणाली. "एक दिवसापुरतं. त्या बघतील, मग परत खाली आणू."

"नको."

"ताई, अहवाल अडला तर मूलच येणार नाही."

"माहीत आहे मला."

"आणि विश्वास नाही म्हणालात."

"नाहीच." अरुंधतीचा अंगठा करंगळीवर गेला होता. "पहिल्या वेळी पाळणा आणला होता. तेव्हाही विश्वास नव्हता."

ईप्सिताने खणाची किल्ली परत कोनाड्यात ठेवली. थोड्या वेळाने अरुंधतीच म्हणाली, "खोक्याचं त्यांना सांगू नकोस. सांगायचं म्हणजे दाखवायचं आलं."

फ्राऊ लिंडनर जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी ईप्सिताच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बूट चिखलाचे. त्यांनी बूट दाराबाहेर काढले. ईप्सिताला त्या लगेच आवडल्या. त्यामुळे तिची पंचाईत जास्तच झाली.

सोपे प्रश्न आधी आले. दोघं भांडतात का. भांडतात. कशावरून. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. "गेनाऊ, बरोबर. आमच्याकडेही," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"आता सांगा. ती खोली रिकामी का आहे?"

ईप्सिताने सांगायला सुरुवात केली. रीत या शब्दाला तिच्याकडे जर्मन शब्द होता. अपशकुनालाही होता. पण दोन्ही शब्द शेजारी ठेवले की ते अरुंधतीताईंबद्दल वाटेनात. एखाद्या आजारी बाईबद्दल वाटायला लागले. ती थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली.

"आल्झो, म्हणजे," फ्राऊ लिंडनर हळूच म्हणाल्या, "त्यांना मूल येईल असं वाटतच नाही. असं आहे का?"

"नाही."

"मग?"

ईप्सिता उठली. कोनाड्यातली किल्ली घेतली. आपण बरोबर करतोय की चूक, हे तिला त्या वेळी कळलं नाही. नंतरही नाही.

तळघरात तिने खोकं उघडलं. एकेक झबलं काढून पुढे ठेवलं. फ्राऊ लिंडनर टायरांच्या चळतीवर बसल्या. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. ईप्सिता वाचत गेली आणि जमेल तसं जर्मनमध्ये सांगत गेली. हा दमेकरी, डोंगर चढतो. ही शिकवते. हा बँकेत. ही दोनदा नापास झाली, आता तिचं औषधांचं दुकान आहे. ही काहीच करत नाही, पण गाते. हा अरुंधतीताईंचा नवरा.

"सगळी एका घरातली?"

"हो. म्हणजे, त्या मानतात."

फ्राऊ लिंडनरनी पिवळट झबलं हातात घेतलं. त्यावरच्या चिठ्ठीत गावापुढे काही नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. हाताने मापून बघितलं. झबलं त्यांच्या पंजाहून थोडंच मोठं होतं.

"पण ही सगळी तान्ह्या बाळाची आहेत."

"हो."

"तुम्हाला बोलल्या नाहीत त्या?"

"काय?"

फ्राऊ लिंडनरनी झबलं खाली ठेवलं. "हे मी बोलायला नको होतं." मग त्यांनी सांगितलं. भारतातली नोंद नव्याने करायची तर दोघांची वयंही नव्याने धरतात. त्यांची बेरीज वाढली, की मिळणाऱ्या मुलाचं वय वाढतं. आता तान्हं मूल नाही. चार वर्षांच्या वरचं. हे त्यांना मार्चमध्ये कळवलंय.

ईप्सिताने पुढ्यातलं एक टोपडं उचललं. एप्रिलमध्ये एक टोपडं आलं होतं. मेमध्ये दोन झबली. चिठ्ठ्या तिने लिहिल्या होत्या. अरुंधती समोर बसून सांगत होती, हसत होती, 'टोपड्याला नाडी लाव, बाळ ओढून काढेल' म्हणत होती.

ती जिना चढून वर गेली. अरुंधती चहा गाळत होती.

"दाखवलंस," अरुंधती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीतून दिसल्या. जाताना डोळे पुसत होत्या. कुंचीपण दाखवलीस?"

"हो."

अरुंधतीने गाळणं आपटलं. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

"ताई, तुम्हाला मार्चपासून माहीत होतं."

"हं."

"मग एप्रिलमध्ये टोपडं कशाला मागवलंत?"

"अश्लेषाने, माझ्या मामेबहिणीने, आपणहून देऊ केलं. तिला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मेमध्ये?"

अरुंधतीने तिच्यापुढे कप ठेवला. "तेव्हा छत्तिसातली बत्तीसच झाली होती," ती म्हणाली. "घे. निवेल."

हे उत्तर होतं का, ते ईप्सिताला कळलं नाही. तिने चहा प्यायला. घरी येऊन तिने समर्थला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "धक्का बसला असेल त्यांना." ईप्सिता म्हणाली, "धक्का मला बसलाय. त्या तर बिस्किटं देत होत्या."

अहवाल मंजूर झाला. त्यात एक वाक्य होतं, जे उल्हास पुढे महिनाभर येईल त्याला वाचून दाखवायचा: 'मुलाच्या स्वागताची तयारी झालेली असून ती तळघरात ठेवलेली आहे.' त्यानंतर त्याने एक पलंग विकत आणला. तोही न जोडता, खोक्यासकट, ईप्सिताच्याच खणात ठेवला. समर्थची सायकल बाहेर गेली.

"दादा, भाडं घेऊ का आता?" समर्थ म्हणाला.

"घे. पलंगावर झोपून घे."

झबल्यांचं काय करायचं, हा प्रश्न सोडवला तिच्या सासूबाईंनी, मनोरमाबाईंनी, साताऱ्याहून, व्हिडिओ कॉलवर. पडद्यावर त्यांचं अर्धंच कपाळ दिसत होतं.

"अगं, आता येणारं मूल आपल्या पायांनी जिना चढून येणार. त्याला दुपट्यात गुंडाळणार आहेस का?"

"अहो आई, पण सगळ्यांनी दिलंय."

"मग टाक म्हटलं का मी? उसव. जोड. गोधडी कर. पाच वर्षांच्या पोरालाही थंडी वाजते."

"मला शिवता येत नाही."

"ब्रेक येतात ना?"

"मी ब्रेक करत नाही, आई. आवाज ऐकते."

"मग माझा ऐक. आणि ते कपाळ दिसतंय का माझं? हा फोन राजाभाऊंनी धरलाय."

गोधडी ईप्सिताच्या स्वयंपाकघरात सुरू झाली. दर शनिवारी, दहा ते एक. वर न्यायची नाही, हे अरुंधतीने सोडलं नाही. ती आलेखाचा कागद घेऊन आली. सहा आडव्या ओळी, सहा उभ्या रांगा, प्रत्येक चौकोनात एक नाव. झबलं ब्लेडने उसवायचं, सपाट करायचं, चौकोन कापायचा, जोडायचा. पहिल्या महिन्यात तिचे टाके सरळ रेषेत येईनात. ती ते उसवून पुन्हा घालायची. "आवाज येतोय यातून," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

प्रत्येक चौकोन जोडून झाला की ती चिठ्ठी वाचायची आणि डब्यात टाकायची. त्या तीन तासांत तिचा अंगठा पेरांवर फिरत नसे. ईप्सिताने हे लक्षात ठेवलं. त्याचं काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये अरुंधती कामाच्या दिवशी दुपारी तिच्या दारात उभी राहिली. फोन छातीशी उलटा धरलेला.

"फोटो आलाय. तू आधी बघ."

"मी? उल्हासदादा?"

"तो गाडी चालवतोय. येतोय. तू बघ."

अमरावतीच्या एका संस्थेतली मुलगी होती. नाव ऊर्जा. पाच वर्षं दोन महिने. हिरवा फ्रॉक, एक मोजा खाली घसरलेला. मागे निळी भिंत.

"कशी आहे?" अरुंधती दुसरीकडे बघत होती.

"रागावली आहे."

"कुणावर?"

"फोटो काढणाऱ्यावर असेल."

"बरं." अरुंधती जिन्याच्या पायरीवर बसली. "बरं आहे."

तिने फोटो पाहिला तो उल्हास आल्यावर. त्यांनी होकार त्याच संध्याकाळी कळवला. ईप्सिताने अभिनंदनाचं कार्ड आणलं. त्यावर काय लिहावं ते तिला सुचेना. बाळ झालं असं लिहायचं नव्हतं. मुलगी मिळाली, हे हरवलेली सापडल्यासारखं वाटत होतं. तिने तीन कार्डं फुकट घालवली आणि शेवटी शिरा करून नेला.

मग पुन्हा कागद. कोर्ट, पासपोर्ट, व्हिसा. गोधडी पुढे सरकत होती. एप्रिलपर्यंत पस्तीस चौकोन झाले. ईप्सिताकडे लहानपणचं काही नव्हतं, म्हणून तिने लग्नात नेसलेल्या साडीचा काठ दिला होता. तोही जोडून झाला. उरला एक चौकोन, अरुंधतीचा. त्या शनिवारी ती आली नाही. ऑफिसात काम आहे म्हणाली. पुढच्या शनिवारी डोकं दुखत होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी फोन आला. कागद झाले आहेत. मुलीला घ्यायला या. तिकिटं गुरुवारची मिळाली.

गुरुवारी सकाळी सात वाजता अरुंधती खाली आली. प्रवासाचे कपडे, पायांत बूट. "वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "एकच राहिलाय. करून टाकते."

ईप्सिताने टेबलावर गोधडी पसरली. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन मोकळा होता. त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. अरुंधतीने सुईत दोरा ओवला आणि सुई मोकळ्या जागेच्या कडेला टोचून ठेवली. मग पिवळट झबलं मांडीवर घेतलं. ब्लेड हातात घेतलं. काखेखालची शिवण शोधली. आणि तशीच बसली.

ईप्सिताने चहा टाकला. गाळला. गाळणं आपटलं नाही.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. टाका फार बारीक आहे. तान्ह्या मापाचं आता हे एकच उरलंय."

"मी उसवू?"

"थांब जरा."

झबल्याच्या गळ्याशी लाल टाका होता. अरुंधती त्यावरून बोट फिरवत होती. तिचा अंगठा मात्र कुठेच जात नव्हता. खाली पार्किंगमध्ये समर्थने गाडी काढली. स्टेशनपर्यंत तोच सोडणार होता. मग बेल वाजली, एकदा, लगेच पुन्हा.

"अरुंधती, ट्रेन आपल्यासाठी थांबणार नाहीये," उल्हासचा आवाज जिन्यातून आला.

"आले."

तिने ब्लेड टेबलावर ठेवलं. झबलं त्याच्याशेजारी, घडी न घालता. "आल्यावर करते," म्हणाली. दारातून परत वळली. "तू जेव वेळेवर."

"ताई, तुम्ही यायच्या आधी मी जोडून ठेवू का? नाहीतर ती आल्यावर..."

जिन्यात बुटांचा आवाज होता. तो दोन मजले वर गेला नाही. खाली गेला. अरुंधतीला ऐकू गेलं की नाही, ते ईप्सिताला कळलं नाही. गाडीचं दार बंद झाल्याचं तिने खिडकीतून पाहिलं.

ती टेबलाशी परत आली. चहा तसाच होता. पिवळट झबल्याला टाचलेली चिठ्ठी तिच्याच अक्षरात होती. 'अरुंधती, सांगली.' पुढे कोरं. झबल्याची एकही शिवण उसवलेली नव्हती. गोधडीच्या कडेला सुई उभी होती, दोरा ओवलेली, गाठ मारलेली.